चालकाची बाजू

सेव्हेरो चोकेने कोपाकबानाच्या कुमारी मातेकडे आजवर बरंच काही मागितलं होतं. पाऊस थांबू दे, पोलिसाची नजर दुसरीकडे वळू दे, सासूचा मुक्काम आटोपू दे. मातेने यातलं काही दिलं, काही नाही. पण त्या शुक्रवारी संध्याकाळी त्याने जे मागितलं, ते एल आल्तोतल्या कुठल्याही गाडीवाल्याने तिच्याकडे कधी मागितलं नसेल.

"माते," तो पुटपुटला, "माझ्या गाडीच्या पुढच्या चाकाचं बेअरिंग गेलेलं असू दे. थोडंथोडकं नको, पार खिळखिळं झालेलं असू दे. हाताएवढी मेणबत्ती लावीन."

कारण बेअरिंग गेलं नसेल, तर सेव्हेरोचे कान गेले होते.

आणि सोमवारी परवान्याच्या नूतनीकरणासाठी डॉक्टरसमोर उभं राहायचं होतं. बासष्ट वर्षांच्या माणसाचे डोळे बघतात, गुडघे बघतात, आणि पाठीमागे उभं राहून कुजबुजतात. कुजबुज ऐकू आली नाही तर परवाना जातो. परवाना गेला की सेव्हेरोकडे उरणार काय? पंचवीस वर्षं तो पठारावरच्या एल आल्तोतून खाली ला पाझमध्ये माणसं उतरवत होता आणि परत चढवत होता. आडनाव चोके. आयमारात चोके म्हणजे सोनं, आणि स्पॅनिशमध्ये चोके म्हणजे टक्कर. चालक संघटनेतले लोक त्याला हटकून 'टक्करसाहेब' म्हणायचे, आणि पंचवीस वर्षांत गाडीला ओरखडा नसलेला हा एकटाच टक्करसाहेब मिशीत हसून घ्यायचा. गाडी काढून घेतली असती तर हसायलाही त्याच्याकडे जागा उरली नसती.

भानगड तीन आठवड्यांपूर्वी सुरू झाली. गाडीने चाळिशी गाठली की डाव्या पायाखालून कुठून तरी गुणगुण यायची. साठला तिची घरघर व्हायची, माठात भुंगा अडकल्यासारखी. मागच्या उतारूंना विचारावं, तर रेडिओवर कुंबिया ठणाणत असायचा आणि मांडीवर वाळल्या बटाट्यांची पोती असायची. "कसला आवाज? आम्हाला नाही बुवा," म्हणायचे. गाडी थांबली की आवाजही थांबायचा, तोवर ठीक होतं. पण गेल्या आठवड्यापासून तो रात्री अंथरुणातही यायला लागला. गाडी अंगणात, सेव्हेरो पांघरुणात, आणि भुंगा कानात. आता गाडी काही उशाशी घेऊन झोपत नाही कुणी.

दुसरा माणूस असता तर एवढा घाबरला नसता. सेव्हेरो घाबरला, कारण त्याच्या मनात चोर होता.

तो चोर समजायचा तर आधी गाडी समजायला हवी. गाडी जपानहून आलेली, लांब पाठीची. तिकडे स्टीअरिंग उजवीकडे असतं आणि ला पाझकडे डावीकडे लागतं, म्हणून अशा गाड्या वर्कशॉपमध्ये नेऊन त्यांचं स्टीअरिंग इकडून तिकडे करून घेतात. सोळा वर्षांपूर्वी हे काम उस्ताद मेलितोनने केलं होतं. स्टीअरिंग हललं, पायाखालचे ब्रेक-क्लच हलले, पण वेगाच्या काट्याची तबकडी हलवायची म्हणजे भलतीच कटकट, म्हणून ती होती तिथेच राहिली. म्हणजे गाडी चालवायचा सेव्हेरो, आणि वेग दिसायचा शेजारी बसलेल्या बायकोला.

वासिलियाची सेहाच्या चौकात पावाची गाडी होती. रोज सकाळी ती नवऱ्याबरोबर पुढच्या सीटवर बसून चौकापर्यंत जायची आणि तबकडी समोर असल्यामुळे ती वाचायची. "पासष्ट," ती ओरडायची. "सत्तर, सेव्हेरो. बहात्तर. अरे, यमाकडे जायचंय का?" पहिल्याच आठवड्यात सेव्हेरोला एक युक्ती सुचली. तो म्हणाला, "आं? काय म्हणालीस? इंजिनाच्या आवाजात ऐकू येत नाही." युक्ती इतकी लागू पडली की हळूहळू ती गाडीबाहेरही कामाला येऊ लागली. छपराचा पत्रा बदलायचाय, आं? भावाकडे जायचंय, आं? नळ गळतोय, आं? सोळा वर्षांत तिचा आवाज चढत गेला आणि त्याचं 'आं' पिकत गेलं. शेवटी साऱ्या गल्लीत झालं, की बिचाऱ्या टक्करसाहेबाला कमी ऐकू येतं.

देवाच्या काठीला आवाज नसतो म्हणतात. सेव्हेरोच्या वाट्याला आलेल्या काठीला मात्र होता, आणि तो साठच्या वेगाला घरघरत होता. खोटं बोलून बोलून खरंच झालं, असं त्याच्या मनाने घेतलं होतं.

गुरुवारी रात्रीच्या जेवणाला वासिलियाने चायरोचं सूप वाढलं आणि त्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडली, "सोमवारी मी येणार आहे तुझ्याबरोबर."

"कुठे?"

"डॉक्टरकडे. तू सांगशील सगळं छान आहे. मी खरं ते सांगणार. उद्या मागून ट्रकचा हॉर्न ऐकू आला नाही तर? माझ्या चुलत्यालासुद्धा अशीच आधी गुणगुण सुरू झाली होती. सहा महिन्यांत चर्चची घंटा ऐकू येईना."

"गुणगुण चाकातून येते," सेव्हेरो म्हणाला. "बेअरिंग आहे."

"मग अंथरुणात काय चाक फिरतं?"

त्याने सूप भुरकलं. वासिलिया बोलतच होती, आणि त्याने सवयीने कानाची खिडकी लावून घेतली. काहीतरी मेलितोनबद्दल होतं, काहीतरी बाजूबद्दल, नीट समजावून सांग वगैरे. तो "हं" म्हणाला, आणखी एक बटाटा घेतला आणि विषय संपला.

शनिवारी सकाळी तो मेलितोनच्या वर्कशॉपमध्ये हजर झाला. मेलितोन सत्तरीचा, बुटका, गालात कायम कोकाच्या पानांचा गोळा. त्याचा एक नियम होता: गाडी तपासताना मालकाने समोर उभं राहायचं नाही. बाळंतिणीच्या खोलीत नवऱ्याचं काय काम, असं त्याचं म्हणणं.

"काय होतंय पोरीला?" त्याने विचारलं. स्वतः स्टीअरिंग बदललेल्या सगळ्या गाड्या त्याच्या पोरी होत्या.

"पुढच्या चाकातून घरघर येते, उस्ताद. चालकाच्या बाजूनं."

"दोन्ही बघतो."

"दोन्ही कशाला?" सेव्हेरोला ते लागलं. आधीच साऱ्या गल्लीने त्याचे कान मोडीत काढले होते. "आवाज कुठल्या बाजूनं येतो तेवढं कळतं मला अजून. चालकाची बाजू. तीच बघ."

"बरं बाबा, चालकाची तर चालकाची. जा, कोपऱ्यावर जाऊन गरम आपी पी. माझ्यासाठी एक पेस्ट्री आण, चीज जास्त असलेली."

सेव्हेरो कोपऱ्यावर गेला. जांभळ्या मक्याची आपी वाफाळत होती, पण त्याचं लक्ष लागेना. त्याने दोन पेले संपवले, तिसरा घेतला. पलीकडे मेलितोन काय करत असेल ते त्याला न बघता माहीत होतं. हँडब्रेक ओढला असेल, मागच्या चाकांना दगड लावले असतील, जॅकवर पुढचं चाक उचललं असेल. एक हात चाकाच्या डोक्यावर, एक पायथ्याशी, आणि मग आत-बाहेर हलवून बघायचं. कुठे टकटक होतेय का, डोलतंय का. मग स्प्रिंगवर तळहात ठेवून चाक जोरात फिरवायचं. आत छर्रे झिजले असतील तर खरखर हाताला लागते. मग लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक चाकाच्या मध्यावरच्या हबवर आणि मूठ कानाला. 'खरखर लागू दे,' सेव्हेरो आपीच्या पेल्यात बघून म्हणाला, 'टकटक होऊ दे, माते.' आपी विकणारीने त्याच्याकडे जरा चमत्कारिक नजरेने बघितलं.

तो परत आला तेव्हा चाक जागच्या जागी बसलं होतं आणि मेलितोन हात पुसत होता.

"अभिनंदन," मेलितोन म्हणाला. "लोण्यासारखं फिरतंय. डोलणं नाही, खरखर नाही. अजून दहा वर्षं बघायला नको."

सेव्हेरोच्या हातातली पेस्ट्री खाली पडता पडता राहिली. "नीट बघ ना, उस्ताद. थोडं तरी डोलत असेल."

"पन्नास वर्षं बेअरिंगं बघतोय. गाडी खराब निघाली म्हणून रडणारे पाहिलेत मी. चांगली निघाली म्हणून रडणारा तूच." मग तो जवळ आला आणि मुद्दाम मोठ्यानं म्हणाला, "चोके, कान दाखवून घे."

म्हणजे उस्तादही मोठ्याने बोलायला लागला. सेव्हेरो गाडीत जाऊन बसला आणि किल्ली न फिरवता तसाच बसून राहिला. आत मेलितोन कुणाच्या तरी ट्रकखाली शिरला. सेव्हेरोला आपली मागची सोळा वर्षं दिसली, 'आं? आं?' करणारी, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला आपल्याच युक्तीची लाज वाटली.

दुपारी पाव संपल्यावर वासिलियाला आणायला तो चौकात गेला. तिने रिकाम्या टोपल्या मागे टाकल्या, टोपी मांडीवर घेतली आणि त्याच्याकडे बघून विचारलं, "काय झालं? मेल्यासारखा का दिसतोस?"

त्याने रेडिओ बंद केला. सोळा वर्षांत हे पहिल्यांदाच घडत होतं, त्यामुळे ती सावध झाली.

"उस्ताद म्हणाला चाक चांगलं आहे," तो म्हणाला. "म्हणजे तुझंच खरं. कानच आहेत. सोमवारी सांग डॉक्टरला काय सांगायचं ते. गाडी विकू, आणि मी तुझ्याबरोबर पाव विकायला बसेन."

वासिलियाला आनंद व्हायला हवा होता. जिंकली होती ती. पण तिने नवऱ्याचं तोंड बघितलं. पंचवीस वर्षांत तिने त्याला स्टीअरिंगशिवाय कधी बघितलंच नव्हतं. पाव विकताना हा कसा दिसेल, हे तिच्या डोळ्यांसमोर आलं आणि ते चांगलं दिसलं नाही.

"कुठलं चाक बघितलं त्याने?" तिने विचारलं.

"चालकाच्या बाजूचं. मी स्पष्ट सांगितलं होतं."

"काय सांगितलंस?"

"चालकाची बाजू."

वासिलियाने कपाळावर हात मारून घेतला. "गुरुवारी सूप वाढताना काय म्हणाले होते मी तुला? म्हटलं, मेलितोनकडे जायचं तर जा, पण त्याला डावं-उजवं नीट समजावून सांग. तो अजून माझ्या सीटला चालकाची सीट म्हणतो. गेल्या वर्षी 'चालकाचा दरवाजा' म्हणून माझ्या बाजूचं कुलूप बदललं होतं त्याने, विसरलास? ऐकलंच नसशील म्हणा."

सेव्हेरोने ऐकलं होतं, पण घेतलं नव्हतं.

"थांबव गाडी," ती म्हणाली.

त्याने रस्त्याकडेला थांबवली. वासिलिया उतरली, घागरे सावरून आपल्या बाजूच्या पुढच्या चाकाशी उकिडवी बसली आणि उलटा तळहात चाकाच्या मध्याजवळ नेला. मग पुढून वळसा घालून नवऱ्याच्या बाजूला आली आणि तिथेही तसंच केलं. चटकन हात मागे घेतला. तीस वर्षं भट्टीतून पाव काढणारा हात होता तो. तो उगाच मागे यायचा नाही.

"माझं चाक सकाळच्या पावाएवढं कोमट," ती म्हणाली, "आणि तुझं आत्ता भट्टीतून काढल्यासारखं. वळव गाडी."

मेलितोन ट्रकखालून बाहेर आला आणि समोर वासिलियाला बघून त्याने आधी टोपी काढली.

"उस्ताद," ती म्हणाली, "चालकाची बाजू कुठली?"

"वासिलियाबाई, हा काय प्रश्न झाला? ही." आणि त्याने उजव्या बाजूच्या, तिच्या सीटच्या दाराला हात लावला.

"तिथे मी बसते."

"तुम्ही बसा हो. पण पोरीचा जन्म जपानचा. तिथे चालक इथेच बसायचा. लग्न होऊन मुलगी सासरी गेली म्हणून तिचा जन्म बदलतो का?"

"आणि हा सोळा वर्षं कुठे बसतोय?"

मेलितोनने सेव्हेरोकडे बघितलं, मग डाव्या सीटकडे, मग पुन्हा सेव्हेरोकडे. कोकाचा गोळा एका गालातून दुसऱ्या गालात गेला. "अरेच्चा," तो म्हणाला. मग लगेच सावरला. "पण मी दोन्ही बघतो म्हणालो होतो. कोण नको म्हणालं?"

आता दोघांनीही सेव्हेरोकडे बघितलं. सेव्हेरोने गाडीकडे बघितलं.

"जा, आपी पिऊन या," मेलितोन सवयीने म्हणाला.

"मी नाही कुठे जात," वासिलिया म्हणाली आणि जुन्या टायरवर ठाण मांडून बसली. बाळंतिणीच्या खोलीत बाई चालते, त्यामुळे मेलितोनला काही बोलता येईना.

डावं चाक वर गेलं. मेलितोनने एक हात डोक्यावर, एक पायथ्याशी धरला आणि हलवलं. टक. पुन्हा हलवलं. टक, टक. सेव्हेरोच्या छातीतलं काहीतरी त्याच तालात हललं. मग मेलितोनने स्प्रिंगवर तळहात ठेवून चाक फिरवलं आणि त्याच्या भुवया वर गेल्या. काही न बोलता त्याने सेव्हेरोचा हात धरला आणि आपल्या हाताच्या जागी ठेवला. तळव्याखाली खरखर आली, जात्यात खडा पडावा तशी, आणि तीन आठवडे ज्याला भुंगा म्हणत होता तो सेव्हेरोच्या हाताला लागला.

"गेलंय," मेलितोन म्हणाला. "पार गेलंय. अजून आठवडाभर चालवली असतीस तर खालच्या उतारावर चाक तुझ्याआधी ला पाझला पोचलं असतं."

"गेलंय," सेव्हेरो म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले. "वासिलिया, गेलंय गं. मातेला मेणबत्ती बोललोय."

"आणि अंथरुणात कसं वाजायचं ते?" वासिलियाने मेलितोनलाच विचारलं. तिला कच्चं सोडायची सवय नव्हती.

"दिवसभर जात्याशेजारी बसतो त्याला रात्री जातं ऐकू येणारच. चार दिवसांत जाईल."

मेलितोनने हब उतरवला, जुनं बेअरिंग दाबून बाहेर काढलं आणि सेव्हेरोच्या हातात दिलं. काळं ग्रीस, झिजलेले छर्रे, कडेला करपलेला निळसर रंग. सेव्हेरोने ते चिंधीत गुंडाळून खिशात ठेवलं, नवसाची वस्तू ठेवावी तसं. नवं बेअरिंग बसलं, नट आवळला गेला, चाक फिरवून बघितलं. आता खरंच लोणी होतं. मेलितोनने बिअरची बाटली उघडली. पहिला घोट धरणीमातेला, मग चारही चाकांवर एकेक शिडकावा. डाव्या पुढच्या चाकावर त्याने जरा जास्त ओतली, माफी मागितल्यासारखी.

"एक मात्र मानलं, चोके," निघताना तो म्हणाला. "रेडिओ, आठ उतारू, रस्त्याचा गोंगाट, आणि त्यातून तू वाटाण्याएवढ्या छर्ऱ्याची खरखर ऐकलीस. असा कान मी पन्नास वर्षांत पाहिला नाही."

सेव्हेरो खुशीत हसला. वासिलिया हसली नाही. ती गाडीत बसली आणि समोर बघत राहिली.

परतीचा रस्ता मोकळा होता. गाडी अशी चालत होती की सेव्हेरोला स्वतःच्या श्वासाचा आवाज येत होता. भुंगा नाही, घरघर नाही. सोमवारी डॉक्टरने पाठीमागून काय वाटेल ते कुजबुजावं. पाय आपोआप जड झाला आणि गाडी पळायला लागली.

वासिलिया खिडकीबाहेर बघत होती. ओठ हलले न हलले, इतक्या हळू ती म्हणाली, "शहात्तर."

सेव्हेरोचा पाय उचलला गेला.

त्याच्या लक्षात आलं तोवर उशीर झाला होता. तबकडी तिच्यासमोर होती, आणि काटा खाली येताना ती शांतपणे बघत होती. बहात्तर, अडुसष्ट, चौसष्ट.

"सोळा वर्षं," ती म्हणाली, त्याच हळू आवाजात. "सोळा वर्षं मी ओरडतेय. लोक म्हणतात, वासिलियाचा आवाज कर्कश आहे. माझ्या बहिणी म्हणतात. तुझं बेअरिंग झिजलं तर मातेला मेणबत्ती. माझा घसा झिजला, सेव्हेरो."

त्याच्या जिभेवर 'आं?' आलं होतं. सवयच होती. त्याने ते गिळलं आणि ते गिळताना घशाला लागलं.

"चुकलं," तो म्हणाला.

"पत्रा?"

"पुढच्या आठवड्यात बदलतो."

"नळ?"

"उद्या."

"भाऊ?"

इथे त्याने आधी आरसा नीट केला. "जाऊ," तो म्हणाला.

"सोमवारी येणार आहेस का अजून?" त्याने भीत भीत विचारलं.

"येणार तर. सांगणार डॉक्टरला, कान एकदम उत्तम आहेत, बाकीचा माणूस तपासा." ती तबकडीकडे वळली, टोपी नीट केली आणि पुटपुटली, "साठ."

साठ झाले.

"पन्नास."

पन्नास झाले. वासिलियाच्या तोंडावर हसू फुटायला लागलं होतं आणि ती ते दाबत होती. एवढी मोठी गाडी आपल्या पुटपुटण्यावर चालते, हे तिला सोळा वर्षांत कुणी कळू दिलं नव्हतं.

"चाळीस," ती म्हणाली. "तीस."

सेव्हेरोने तीसवर आणली. मोकळा, सरळ रस्ता, नवं बेअरिंग, आणि गाडी बैलगाडीसारखी चाललेली. मागे मिनीबसची रांग लागली. एकाने हॉर्न दिला, मग दुसऱ्याने, मग सगळ्यांनी मिळून.

"मागून हॉर्न देतायत," वासिलिया हळूच म्हणाली.

"ऐकू येतंय," सेव्हेरो म्हणाला.